काठावरची टोपली

४ मार्च

ती. दादास,

साष्टांग नमस्काराला कंबर नको म्हणते, तेव्हा उभ्याउभ्याच केला असं समज. पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोन केला असता, पण तुला ऐकू जाईल इतक्या जोरात बोलायचं म्हणजे सगळी गल्ली कुंपणाशी गोळा होते, आणि मला जे सांगायचंय ते घरातल्याच एका माणसाला कळू द्यायचं नाहीये. तुला माझी शपथ आहे, कुणाकडे बोलू नकोस. उत्तरही घरच्या पत्त्यावर पाठवू नकोस. शेजारच्या शिंपीणबाईंच्या पत्त्यावर टाक. त्यांच्या पोटात गोष्ट राहते.

तर आमच्या पोहण्याच्या तलावाचा क्लोरीनचा डबा बिघडलाय. तूच निवृत्त होण्याआधी बसवून दिला होतास तो. पाण्यात मीठ टाकायचं, पंप ते पाणी डब्याखालच्या नळीतून फिरवणार, नळीतल्या धातूच्या पट्ट्यांत वीज खेळणार आणि मिठाचाच क्लोरीन होणार, हे तू मला तेव्हा तीनदा समजावलंस आणि मी तीनदा मान हलवली होती. आता त्या डब्यावर मधूनच लाल दिवा लागतो आणि पाणी हिरवट दिसतं. सुट्टीचा पोहण्याचा वर्ग तोंडावर आला. आमचं वर्ष त्या एका वर्गावर चालतं हे तुला ठाऊक आहे. हिरव्या पाण्यात कोण आपलं पोर सोडेल? बेडूकसुद्धा विचार करेल.

ह्यांना विचार म्हणशील. ह्यांच्याशी मी बोलत नाही. का ते ऐक. महिनाभरापूर्वी मी त्या नळीतल्या पट्ट्या काढून साफ करायला बसले. पांढरा थर साचला होता, तो पाण्याने काही निघेना, म्हणून घरातली तारेची घासणी आणली. एकीला जरा हात फिरवला न फिरवला तोच मास्तर धावत आले आणि मुलांच्या आयांसमोर, दादा, सहा-सात बायकांसमोर ओरडले, "हा काय स्वयंपाकघरातला टोप वाटला तुला?" माझ्या हातातली घासणी हिसकावून भिरकावून दिली. मी म्हटलं, ठीक आहे, मग स्वयंपाकघरातल्या बाईशी आजपासून बोलू नका. तेव्हापासून मी त्यांचं ताट वाढून झाकून ठेवते आणि जे सांगायचं ते भिंतीला सांगते. भिंत निदान ओरडत नाही.

काय तपासू ते लिही. मी एकटीने हा डबा सुरू करून दाखवला तर त्यांचं नाक खाली होईल. आणि नाहीच झाला, तर मी सरळ बॅग भरून तुझ्याकडे राहायला येते. कायमची.

तुझी,
छकू

९ मार्च

चि. छकू,

आशीर्वाद. साठी ओलांडलेल्या बहिणीला शिंपिणीच्या पत्त्यावर चोरून पत्रं लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. तुझ्या वयाच्या मानाने प्रकरण फारच रंगलंय.

आधी मुद्द्याचं. माझ्याकडे यायचा विचार डोक्यातून काढ. इथे एक खोली, एक खाट, आणि ती खाटही मी कूस बदलली की कण्हते. मी पहाटे उठून खोकतो, दिवसभर रेडिओ मोठ्याने लावतो आणि भांडी रात्रीची सकाळी घासतो. तू दोन दिवसांत माझ्या घराचं मंगल कार्यालय करशील आणि तिसऱ्या दिवशी आपलंही बोलणं बंद होईल.

आता डबा. लाल दिवा लागला म्हणजे नळीतून पाणी पुरेसं वाहत नाहीये. पाणी कमी झालं की डबा शहाण्यासारखा स्वतःच बंद होतो, मग क्लोरीन नाही, मग पाणी हिरवं. म्हणून सगळ्यात सोपी गोष्ट पहिली: तलावाच्या काठावर झाकणाखाली जी जाळीची टोपली आहे, जिच्यातून पाणी पंपाकडे ओढलं जातं, ती रोज रिकामी होते ना? त्यानंतर मीठ तपास. कागदाची रंगपट्टी मी दिली होती. कमी निघालं तर अर्धं पोतं टाक, जास्त नको. पट्ट्यांवरचा थर पाणी घालून पातळ केलेल्या ॲसिडने जातो, हातमोजे घालून. तारेने घासायचं नसतं. त्यावर अगदी पातळ मुलामा असतो, तो निघाला की पट्टी कामातून गेली. मास्तर ओरडले ते चूकच, पण घासणी काढून घेतली ते बरोबर. हे वाचून माझ्याशी बोलणं बंद करू नकोस.

दादा

१२ मार्च

आदरणीय दादा,

स. न. वि. वि. पत्र आपल्यापुरतं ठेवावं. माझी आपल्याला शपथ आहे. विशेषतः आपल्या भगिनीस ह्यातलं अवाक्षर कळता कामा नये. उत्तर चौकातल्या चष्मेवाल्याच्या दुकानी पाठवावं, तो माझा जुना विद्यार्थी आहे.

तलावाचं यंत्र बिघडलं आहे. संध्याकाळच्या वर्गाच्या मुली डोळे चोळत बाहेर येतात. क्लोरीनचा असा भपकारा मारतो की मलाच शिंका येतात. माझ्या मते यंत्र नको तितकं क्लोरीन करतं. शिवाय त्यात काहीतरी भुताटकी आहे. क्लोरीन किती करायचं हे ठरवणारा जो काटा आहे, तो मी रोज संध्याकाळी खाली आणतो आणि सकाळी बघावं तर वर! माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मला वाटतं आतली स्प्रिंग सैल झाली असावी.

आपल्या भगिनीशी माझं बोलणं बंद आहे. म्हणजे ते तिने बंद केलं, मी फक्त पुन्हा सुरू केलेलं नाही. कारण ऐकाल तर हसाल. तिने पट्ट्यांना तारेची घासणी लावली. मी ती काढून घेतली आणि कुंपणापलीकडे टाकली. बोललो असेन थोडं मोठ्याने, पण दादा, चाळीस वर्षं मी पाण्यात बुडणाऱ्या मुलांना काठावरून ओरडून सूचना देत आलो, माझा साधा आवाजच तसला झाला आहे. तो तिला लग्नापासून माहीत आहे. त्या दिवशीच का लागला?

आता घरात मी बोललो की ती भिंतीकडे बघून उत्तर देते. परवा ती भिंतीला म्हणाली, "काही लोकांना मोजे सापडत नसतील तर ते दोरीवर आहेत." मी मोजे आणले, पण भिंतीचे आभार कसे मानायचे ते समजेना.

मार्ग सांगावा. सुट्टीच्या वर्गाआधी पाणी सुधारलं नाही तर लोक पोरांना पलीकडच्या क्लबात घालतील आणि ही म्हणेल, बघा, मास्तरांना स्वतःचा तलाव सांभाळता येत नाही. तसं झालं तर मी सरळ आपल्याकडे येऊन राहीन. मला लागतं तरी काय? एक कोपरा.

आपला,
मास्तर

१६ मार्च

मास्तर,

नमस्कार. कोपरा नाही. होता तो मी जुन्या पंपांना दिला आहे.

शपथ पाळतो. पण ज्याला दोन्हीकडून शपथा घातल्या जातात त्या माणसाची अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी होते, एवढं लक्षात असू द्या. दोन्हीकडून म्हणजे, सर्वसाधारणपणे म्हणतोय.

डोळे झोंबतात आणि वास मारतो तो क्लोरीन जास्त झालं म्हणून नव्हे, कमी पडलं म्हणून. घाण मारता मारता दमलेलं क्लोरीन वास सोडतं. ताजं आणि भरपूर असेल तर नाकाला कळतही नाही. तेव्हा काटा खाली आणताय ते थांबवा. काट्याला कुणीही हात लावू नये. कुणीही म्हणजे कुणीही. स्प्रिंग वगैरे त्यात नसते आणि भूतही मी बसवलेलं नव्हतं.

एक सांगा, काठावरची टोपली रोज साफ होते ना?

दादा

१९ मार्च

ती. दादास,

तू सांगितलंस तसं सगळं केलं. मीठ कमी निघालं, अर्धं पोतं टाकलं. चार दिवसांनी पुन्हा रंगपट्टी बुडवली तर पुन्हा कमी! आपल्या तलावाला मीठ खाणारं तोंड फुटलंय. पट्ट्या ॲसिडने धुतल्या, हातमोजे घालून, ते भाजी आणायला गेले होते तेव्हा. एकीवर ओरखडा आहे बारीकसा. तो आधीपासूनच असणार.

काट्याचं विचारशील तर तो रोज रात्रीतून आपणहून खाली घसरतो. मी रोज सकाळी वर करून ठेवते. मी तर म्हणते यंत्रच म्हातारं झालंय. आमच्यासारखंच.

टोपलीचं विचारलंस, त्याची काळजी नको. ते काम ह्यांचं. माणूस आडमुठा आहे, तोंडाचा फाटका आहे, पण टोपलीच्या बाबतीत त्यांनी कधी हयगय केलेली नाही. इतक्या वर्षांत एक दिवस नाही. त्यांच्या बाकी कशाची हमी मी देणार नाही, ह्याची डोळे मिटून देते. तेव्हा तिकडे वेळ घालवू नकोस, दुसरं काही असेल तर सांग.

एक गंमत. काल ते गच्चीवर पाठ चोळायचं तेल शोधत होते. मी भिंतीला सांगितलं कुठे आहे ते. भिंतीनेच दिलं असेल मग, कारण "सापडलं" असं काही ऐकू आलं नाही.

छकू

२१ मार्च

आदरणीय दादा,

काटा सोडून दिला होता, पण सकाळी बघतो तर तो भलताच वर चढलेला. मग नाइलाजाने खाली आणला. पाण्याची चव घेतली, बरीच खारट लागली, म्हणून थोडं पाणी सोडून दिलं आणि ताजं भरलं. खारट पाण्याने यंत्र गंजतं, नाही का? गंजाची शंका मला उगाच आली नाही. काठावर टोपलीच्या झाकणाशी फरशीवर तांबूस डाग पडू लागले आहेत.

टोपलीबद्दल आपण विचारलंत. ती आपली बहीण बघते. तिच्या नजरेतून कधी कचरा सुटला आहे का, हे आपण बालपणापासून जाणता. ती माझ्याशी बोलणार नाही, माझ्याकडे बघणार नाही, पण टोपली साफ झाल्याशिवाय झोपणार नाही. हे मी लिहून देतो. खाली सही केलीच आहे.

आज चहा घेताना तिच्या कपाचा कान तुटला. मी तो डिंकाने चिकटवून जागेवर ठेवला. तिने काही म्हटलं नाही. भिंतीलासुद्धा नाही.

मास्तर

२६ मार्च

मास्तर,

तांबूस डागांनी माझे डोळे उघडले. पाण्यात लोखंड आहे! भरायचं पाणी तुम्ही मागच्या विहिरीचं घेता ना? त्या पाण्यातलं लोखंड बसून पट्ट्या आणि फिल्टर दोन्ही बुजत असणार, म्हणून पाण्याचा ओघ कमी. चौकातल्या दुकानात लोखंड बांधून ठेवणारं औषध मिळेल ते आणून टाका. मला आधीच सुचायला हवं होतं. चाळीस वर्षं हेच केलं मी. आणि पाणी सोडू नका. त्यात कुणाचं तरी मीठ असतं.

दादा

३१ मार्च

दादा,

बॅग भरली. गेल्या आठवड्यात कुणीतरी तलावात काहीतरी औषध ओतलं, पाणी आधीच हिरवं होतं, तेव्हापासून त्यावर एक मळकट साय आली आहे. लाल दिवा आता विझतच नाही. काल दोन बायका कुंपणावरून डोकावून गेल्या आणि आपसात काहीतरी बोलल्या. सुट्टीचा वर्ग पंधरवड्यावर आला, वर्गाच्या यादीत अजून एकही नाव नाही. मी पुढल्या रविवारच्या गाडीने निघते. खाट नसली तर जमिनीवर झोपेन.

छकू

३१ मार्च

आदरणीय दादा,

औषधाने बिघडलं. पुढल्या रविवारच्या गाडीने येत आहे. कोपऱ्यातले पंप हलवावेत.

मास्तर

५ एप्रिल

छकू आणि मास्तर,

हे पत्र तुमच्या घरच्याच पत्त्यावर, एकाच पाकिटात, दोघांच्या नावे पाठवतोय. दोघांनी मला शपथा घातल्या होत्या की तलावाबद्दल कुणाकडे बोलू नये. मी बोलत नाही, लिहितोय. शपथेत लिहिण्याचा उल्लेख नव्हता.

गाडीची तिकिटं काढली असतील तर परत करा. रविवारी तुम्ही दोघं एकाच डब्यात समोरासमोर बसून, एकमेकांशी न बोलता, माझ्या घरी उतरणार, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि मला दोन रात्री झोप नाही.

एक शेवटची चाचणी राहिली आहे. ही केल्याशिवाय यंत्राचा दोष कळणार नाही, आणि ही एकट्याने होतच नाही. नीट वाचा. एकाने मागच्या पंपाच्या खोलीत थांबायचं आणि पंपाचा वॉल्व्ह थोडा थोडा फिरवायचा. दुसऱ्याने तलावाच्या पलीकडच्या काठावर, जिथून पाणी परत तलावात येतं त्या तोंडाशी वाकून हात धरायचा आणि पाण्याचा जोर किती आहे ते मोठ्याने सांगायचं. कमी, जास्त, थांबा, अजून. मधे भिंत आहे, त्यामुळे दिसणार काही नाही. बोलावंच लागेल. खोलीत मास्तर, काठावर छकू. उलट नको, छकूला तो वॉल्व्ह फिरवता येत नाही. आणि छकू, काठावर जपून, तुला पोहता येत नाही.

जोर कळला की मला लिहा. पुढचं मी सांगतो.

दादा

१३ एप्रिल

ती. दादास,

नमस्कार. हे पत्र आम्ही दोघं मिळून लिहितोय. सुरुवात मी करते, कारण मास्तर आंघोळ करून अजून केस पुसतायत.

तुझं पाकीट टेबलावर दोन दिवस तसंच पडलं होतं. दोघांच्या नावाचं, मग उघडायचं कुणी? मी त्यावर मिठाचा डबा ठेवला, उडून जाऊ नये म्हणून. तिसऱ्या दिवशी बघते तर उघडून, वाचून, पुन्हा डब्याखाली ठेवलेलं. मग मी वाचलं. मग मी भिंतीला सांगितलं की काही लोकांची तयारी असेल तर माझी आहे.

आता मी, मास्तर. दादा, तुमची अट बोलण्याची होती. आम्ही दोघांनीही ती न पाळण्याचा बंदोबस्त केला. मी माझी शिट्टी घेतली. भिंतीवर खडूने लिहून ठेवलं: एक शिट्टी म्हणजे वॉल्व्ह उघडतोय, दोन म्हणजे बंद करतोय. तिने स्टीलचं ताट आणि पळी घेतली आणि माझ्या लिहिण्याखाली लिहिलं: एक ठोका म्हणजे जोर कमी, दोन म्हणजे जास्त. अबोला न मोडता चाचणी सुरू झाली. मी शिट्टी मारायची, तिने ताट वाजवायचं. शिंपीणबाई कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या, त्यांना वाटलं कसली तरी मिरवणूक निघाली.

पुन्हा मी, छकू. जोर मुळी नव्हताच. शिट्टी कितीही वाजो, मी आपली एक ठोका, एक ठोका. वाकून वाकून हात भरून आला आणि ओल्या हातातून ताट सटकलं. गेलं ना पाण्यात! धपकन. मी ते बुडताना बघत बसले.

मी, मास्तर. दादा, मला भिंतीपलीकडून काय कळलं सांगतो. ठोका, ठोका, मग धपकन आवाज, आणि त्यानंतर काहीच नाही. मी शिट्टी मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. उत्तर नाही. तिला पोहता येत नाही. माझी बायको, आणि जगातल्या सगळ्या पोरांना मी पोहायला शिकवलं. मी धावलो. काठ रिकामा दिसला, कारण ती पळी टेकवून खुर्चीच्या आड पाय सोडून बसली होती. मी बघायला थांबलोच नाही. चष्म्यासकट, घड्याळासकट, पायातल्या जोड्यांसकट उडी मारली. हिरव्या पाण्यात स्वतःचा हात दिसेना. तळाशी चाचपडत होतो, काहीतरी हाताला लागलं, ओढून वर आणलं, तर ताट.

छकू. आणि मी काठावर उभी राहून ओरडत होते, "अहो, मी इथे आहे! वर या! अहो, वर या ना!" दादा, किती दिवसांनी तोंडातून "अहो" निघालं ते माझ्या ध्यानातही आलं नाही. ते वर आले, डोक्यावर शेवाळं, गळ्यात शिट्टी, हातात ताट. माझ्याकडे बघितलं आणि त्यांना रडूच कोसळलं. मलाही. शिंपीणबाईंना तर आधीच. मी त्यांना हात देऊन बाहेर काढलं. टॉवेल आणला, डोकं पुसलं. आणि पुसता पुसता, कसं तोंडात आलं देव जाणे, मी रोज रात्री विचारायचे ते विचारलं: "टोपली काढली का?"

मास्तर. मी म्हणालो, "मी? टोपलीचं तू बघतेस ना?"

छकू. मी म्हटलं, "मी कुठे बघते? मी विचारते, तुम्ही काढता. इतकी वर्षं हेच चाललंय."

मास्तर. दादा, हे खरं आहे. इतकी वर्षं रोज रात्री ती विचारायची, टोपली काढली का, आणि मग मी उठून काढायचो. ती विचारायची म्हणून मला वाटायचं, टोपली तिच्या ताब्यात आहे, मी आपला हुकमाचा ताबेदार. मी काढायचो म्हणून तिला वाटायचं, टोपली माझ्या ताब्यात. बोलणं बंद झाल्यापासून तिने विचारलं नाही आणि मी उठलो नाही. आम्ही दोघं टोपलीकडे धावलो. झाकण काढायलाच पक्कड लागली. आत एका मुलाची टोपी, पाचोळा इतका की त्याचं खत झालेलं, आणि सगळ्यात तळाशी, गंजून लाल झालेली, सगळा ओघ अडवून बसलेली, तारेची घासणी.

छकू. माझी घासणी! कुंपणापलीकडे टाकली म्हणे. त्या दिवशी साफसफाईसाठी झाकण उघडंच होतं, सरळ त्यात जाऊन पडली. ह्यांचा नेम बघ.

मास्तर. आणि तुमचं पाण्यातलं लोखंड. विहिरीला उगाच बदनाम केलंत.

छकू. मग आम्ही बसून तुझी सगळी पत्रं एकत्र वाचली. शिंपिणीकडची माझी आणि चष्मेवाल्याकडची ह्यांची. काटा मी वर करत होते आणि हे खाली. मीठ मी टाकत होते आणि हे गटारात सोडत होते. आणि तुला, दादा, सगळं ठाऊक होतं! दोघांकडून ऐकून घेत होतास. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असा सगळा कारभार, आणि वैद्य गप्प. ह्यांनी तर वॉल्व्हची चाचणी खोटी आहे हेही ओळखलं. म्हणाले, पाण्याचा जोर काठावरून कधी कुणी तपासतं का? खरं सांग, खोटी होती ना?

मास्तर. आमचा दोघांचाही आपल्यावर तीव्र निषेध. खाली दोन्ही सह्या आहेत.

टोपली साफ केल्यापासून लाल दिवा गेला. वर आलेली साय जाळीने काढली. काट्याला कुणी हात लावत नाही. पाणी काल दुपारपासून तळापर्यंत दिसतं. माझा चष्माही तिथेच दिसला. वर्गाच्या यादीत नावं येऊ लागली आहेत.

मास्तर आणि छकू

१८ एप्रिल

छकू, मास्तर,

तुमचा निषेध पोचला. जपून ठेवतोय. इतक्या वर्षांत तुम्ही दोघांनी मिळून केलेली ही पहिलीच गोष्ट असावी.

हो, चाचणी खोटी होती. तुमची दोन पत्रं, एकोणीस तारखेचं आणि एकवीसचं, मी उशिरा का होईना शेजारी ठेवून वाचली. एकात लिहिलंय, टोपलीची हमी मी डोळे मिटून देते. दुसऱ्यात लिहिलंय, टोपली साफ झाल्याशिवाय ती झोपणार नाही, हे मी लिहून देतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा! एका ओळीत कळवता आलं असतं की, अहो मूर्खांनो, टोपली कुणीच काढत नाहीये. तशी ओळ लिहिलीही होती. मग फाडली. ती वाचून पाणी निळं झालं असतं, पण एकाने गुपचूप जाऊन टोपली काढली असती आणि दुसरा भिंतीशीच बोलत राहिला असता. मला भिंतीचा कंटाळा आला होता. मात्र मास्तर उडी मारतील असं मनात आलं नव्हतं. तेवढं माझ्याकडून जास्त झालं. जोडे गेले असतील तर कळवा.

एवढी हमी, मास्तर, मी माझ्या आयुष्यात कधी कुणाबद्दल लेखी दिली नाही. तुम्ही दोघांनी भांडणाच्या ऐन भरात, मला चोरून लिहिताना, दिलीत. त्या हमीपायीच टोपली तुंबली, हे खरं. पण असली टोपली प्रत्येकाच्या घरी तुंबत नाही.

आता माझ्याबद्दल. तुम्हाला दोघांनाही मी नको नको म्हणत होतो. तरी एकतीस तारखेची पत्रं आल्यावर कोपऱ्यातले पंप भंगारवाल्याला देऊन टाकले. एक खाट विकत आणली. मग वाटलं, आलात तर दोघंही याल, म्हणून आणखी एक आणली. रेडिओचा आवाज किती कमी केला तर मला ऐकू येतं तेही बघून ठेवलं. तुम्ही येणार नाही असं कळलं तेव्हा मला आनंद झाला, आणि मग दोन रिकाम्या खाटांकडे बघून फार वाईट वाटलं. तुझी वहिनी गेल्यापासून, छकू, "गॅस बंद केला का?" असं विचारायला ह्या घरात कुणी नाही. मीच मला विचारतो आणि मीच उठून बघून येतो. बंदच असतो.

तेव्हा सुट्टीचा वर्ग संपला की दोघं या. एकाच गाडीने, एकाच डब्यात. भांडत आलात तरी चालेल, पण मोठ्याने भांडा, म्हणजे मलाही ऐकू येईल. भिंतीशी बोलायचं असेल तर माझ्या घरच्या भिंती आता जरा जुन्या झाल्या आहेत, त्यांना तेवढं सोसणार नाही.

दादा

ता. क. आज टोपली काढली का?